दाखल क्रमांक एकपासून नको

ग्रंथालयाचं संगणकीकरण करायचं, असा ठराव कार्यकारिणीने केला आणि काम माझ्या टेबलावर आलं. बावीस हजारांच्या आसपास पुस्तकं, आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमाने दाखल क्रमांक देऊन ते नोंदायच्या जाडजूड दाखल नोंदवह्यांची चळत आणि एक संगणक. मुदत घातली नव्हती. घातली असती तर बरं झालं असतं.

तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम पुढे ढकलायला निमित्त शोधावं लागत नाही, कॅलेंडरच ते पुरवतं. मार्चअखेर, मग ऑडिट, मग वार्षिक अहवाल. 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, त्याला लागूनच दिवाळी अंकांची योजना आणि त्या वर्गण्या. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचं प्रदर्शन उभं करेस्तोवर पुन्हा मार्च दारात. यातलं एकही काम खोटं नाही, म्हणूनच त्यांच्याआड लपायला सोपं जातं. कार्यवाह दर बैठकीत विचारायचे, "मॅडम, कुठवर आलं?" मी म्हणायचे, "तयारी चालू आहे, सर."

आणि तयारी खरंच चालू होती. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर म्हणून कोहा घ्यावं की सरकारी एनआयसीचं ई-ग्रंथालय, यावर मी एक आख्खी वही भरली. मग वर्गीकरण. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युईच्या पद्धतीत मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक 891.463. तो लावला तर आमचं अर्धं ग्रंथालय एकाच आकड्याखाली येतं आणि वाचक 'रहस्यकथा कुठल्या कपाटात?' हे मलाच विचारत राहतो. त्यात लेखकांची नावं. 'पु. ल.' लिहायचं, 'पु.ल.' लिहायचं की 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण'? मधली एक मोकळी जागा चुकली तरी शोधताना पुस्तक सापडत नाही. कविता कुसुमाग्रजांच्या आणि नाटकं वि. वा. शिरवाडकरांची, माणूस एकच, कार्डं दोन. या प्रश्नांवर विचार करण्यात फार सुख असतं. काम केल्यासारखं वाटतं आणि एकही नोंद करावी लागत नाही.

मी आळशी नाही हो. रोजची देवघेव, पावत्या, स्मरणपत्रं, सगळं वेळेवर होतं. हात अडत होता तो पहिल्या नोंदवहीपाशी. माझ्या मनात पक्कं बसलेलं की सुरुवात म्हणजे दाखल क्रमांक एक. ती नोंदवही उघडली की कागदाचे कोपरे बोटाला लागून येतात. शाई तपकिरी झालेली, किमतीच्या रकान्यात दीड रुपया, दोन रुपये चार आणे. आणि शेवटच्या 'शेरा' रकान्यात कुणाकुणाच्या हस्ताक्षरात 'गहाळ', 'वाळवी', 'बांधणीस दिले'. बांधणीस दिलेलं परत आलं की नाही, ते कुठेच नाही. म्हणजे क्रमांक एकपासून निघायचं तर आधी बेपत्ता पुस्तकांचा तपास. कुणाचीही नोंदवही पुन्हा कपाटात जाईल.

कोंडी फोडली आमच्या शिपायाने. एका संध्याकाळी परत आलेल्या पुस्तकांचा ढीग काउंटरवर पडला होता. तो ती कपाटात लावायला उचलत होता.

"मॅडम, ही लावू का आधी कॉम्प्युटरवर घेताय?"

"अरे, त्यांचे नंबर मधलेच आहेत. क्रमाने घ्यायचंय."

"कॉम्प्युटर लावतोय की क्रम नंतर."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच ढिगातली पुस्तकं घेतली. दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, किंमत, कपाट. सॉफ्टवेअर ठरलंच नव्हतं, म्हणून साध्या एक्सेलमध्ये, पण कुठल्याही संगणकावर मराठी वाचता येईल अशा युनिकोडमध्येच टाइप केलं. रकाने नीट असले तर पुढे कुठेही नेता येतात. नियम एकच केला: जे पुस्तक परत येईल ते नोंद झाल्याशिवाय कपाटात जाणार नाही. दिवाळी अंक असोत, ऑडिट असो, पुस्तकं परत यायची थांबत नाहीत. त्यामुळे वेगळा वेळ काढायचा प्रश्नच मिटला.

वहीत महिनोन्महिने न सुटलेले प्रश्न काउंटरवर भराभर सुटले. लेखकाचं नाव मुखपृष्ठामागच्या शीर्षकपानावर असेल तसंच, आद्याक्षरानंतर टिंब आणि एक जागा. दुसरं नाव असेल तर शेजारी वेगळा रकाना. विषय आमच्या कपाटांवर रंगवलेलेच. हे सगळं एका कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलंय. प्रत्येक ओळ कुठल्यातरी पुस्तकाने अडवलं तेव्हा लिहिलेली आहे, आधी बसून ठरवलेली एकही नाही.

यातून एक गोष्ट आपोआप कळली, जिच्यासाठी एरवी सर्वेक्षण करावं लागलं असतं. काही महिन्यांत नव्या नोंदी कमी व्हायला लागल्या, कारण येणारी बहुतेक पुस्तकं आधीच नोंदलेली निघायची. गावात फिरणारं ग्रंथालय ते एवढं. रहस्यकथा, चरित्रं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, पाककृती. आता वाचक विचारतात त्यातलं बरंचसं मला खुर्चीतून न उठता सांगता येतं, 'आत आहे' किंवा 'बाहेर गेलंय'. उरलेल्या बंद कपाटांसाठी मग शिपाई आणि मी रोज दुपारी एकेक फळी घेतो. फळीवर हात घातला की पुस्तक असतंच, नोंदवहीसारखं शोधावं लागत नाही.

मागच्या बैठकीत कार्यवाहांनी विचारलं, "मॅडम, कुठवर आलं?" मी छापील यादीच पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून आधी स्वतःच्या आवडीचं एक चरित्र शोधलं, सापडल्यावर खूश झाले.

राहिलीत ती सगळी 'गहाळ' आणि 'वाळवी'. त्यांचं निर्लेखन करायला, म्हणजे ती नोंदीतून कायमची काढायला, कार्यकारिणीचा ठराव लागतो. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो सातवा विषय आहे. आमच्याकडे चहा पाचव्या विषयाला येतो आणि चहानंतर कुणी थांबत नाही, तेव्हा या वेळी तो वर घ्यायला लावणार आहे.