तुम्ही विचारलंत म्हणून : ग्रामसभेला जाऊन होतं काय?

पुण्याहून नणंद आली की विचारते. शेजारच्या काकी मेथी निवडता निवडता विचारतात. ब्लाउज टाकायला आलेली गल्लीतली नवी सून विचारते. शब्द इकडचे तिकडे, प्रश्न एकच : "ग्रामसभेला जाऊन होतं काय? तेच चार जण बोलणार, तेच ठरवणार. तुम्ही शिलाई मशीन बंद ठेवून अर्धा दिवस कशाला घालवता?" घाईत मी दोन वाक्यं बोलते आणि समोरच्याचं समाधान होत नाही. म्हणून एकदा बसून सगळं लिहिते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचायतीचा शिपाई ओट्यावर आला. काखेत लांबलचक रजिस्टर. "वहिनी, इथं एक सही करा." कसली, विचारलं तर म्हणाला, "कालच्या ग्रामसभेची. कोरम भरायचाय." मी काल घरातच होते, हे त्यालाही ठाऊक होतं. दर वेळी असंच व्हायचं आणि दर वेळी मी सही करायचे. बोटाला तेल लागलेलं असलं तर पदराला पुसून करायचे. त्या दिवशी वाऱ्यानं पान उलटलं. सह्यांच्या आधीचं पान, जिथं सभेत काय ठरलं ते लिहायचं, ते कोरं होतं. वर फक्त तारीख. मी म्हटलं, "हे रिकामं कसं?" पोरगा सरळ होता. म्हणाला, "ते नंतर लिहितात."

मी सही केली नाही. तो काही न बोलता पुढच्या घरी गेला, आणि मी पाटावर बसून विचार करत राहिले की आजवर माझ्या सहीवर काय काय लिहून झालं असेल.

कोरम म्हणजे काय ते मग कळलं. गावाच्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर जण, यातला जो आकडा लहान असेल तेवढी माणसं सभेला लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि पुन्हा बोलावलेल्या तहकूब सभेला कोरमची अट राहत नाही. आलेल्या पंचवीस-तीस जणांत ठराव होतो आणि तो अख्ख्या गावाचा ठराव म्हणून वर जातो. म्हणजे आपण घरी बसलो की आपलं मत कुठंच पडत नाही असं नाही; ते जे आले त्यांच्या पारड्यात पडतं. नणंदेला मी पहिलं उत्तर हेच देते. चार जणच ठरवतात, हे तिचं म्हणणं खरं आहे. ते चार जण ठरवू शकतात कारण बाकीचे आलेले नसतात.

दुसरं असं की ग्रामसभेत बोललेलं आणि लिहिलेलं यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिली दोन वर्षं मी बोलून यायचे. आमच्या गल्लीत सांडपाणी उघड्यावर वाहायचं, पावसाळ्यात ते ओट्यापर्यंत यायचं. मी उठून सांगायचे, अध्यक्ष मान हलवायचे, "घेऊ ताई, नक्की घेऊ." पुढच्या सभेला त्या विषयाचा मागमूसही नसायचा. मग एकदा आदल्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा म्हणून मी आग्रह धरला. आमच्याकडे सगळे त्याला प्रोसिडिंगच म्हणतात. त्यात माझी मागणी नव्हती. एक अक्षरही नाही. तेव्हापासून मी बोलते कमी आणि विचारते एकच, "लिहून घेतलंत का?" लिहिल्यावर वाचून दाखवायला सांगते. मागणीचा अर्ज दोन प्रतींत नेते, एकीवर पोचेचा शिक्का घेते. माझी मापांची वही आहे ना, पुढून ज्यात छाती-कंबर-बाहीची मापं असतात, तीच मागच्या बाजूनं उघडली की ग्रामसभेची वही. तारीख, विषय, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक. ब्लाउजची मापं आणि गावचे ठराव आता मधल्या पानांवर भेटायला आलेत.

पैशाचं गणित समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते गाव अडतं ते तिथंच. आपल्याला वाटतं पंचायतीकडे एक पेटी आहे, त्यातून काढायचे आणि रस्ता करायचा. तसं नसतं. घरपट्टी, दिवाबत्ती, बाजार फी, गाळ्यांचं भाडं हे पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. त्यातही पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला-बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढावे लागतात. मोठा पैसा येतो तो केंद्राच्या वित्त आयोगाचा. १५व्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून त्या पैशाचे सरळ दोन भाग होते : साठ टक्के बंधित, चाळीस टक्के अबंधित. बंधित म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. अबंधितातून गावाच्या बाकीच्या गरजा भागवता येतात, पगार आणि आस्थापनेचा खर्च तेवढा वगळून.

आता आमची गल्ली. आम्ही वर्षानुवर्षं काय मागत होतो? "रस्ता करा." रस्ता येतो अबंधितात. अबंधितावर सगळ्या गावाचा डोळा. शाळेची दुरुस्ती, वरच्या आळीचे पेव्हर ब्लॉक, स्मशानभूमीचं शेड. आमचा नंबर लागायचाच नाही. पंचायतीतला संगणक परिचालक पोरगा हुशार आहे. त्यानं मला ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या कामांचा आराखडा उघडून दाखवला. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष निवडलं की कामाचं नाव आणि त्यापुढं रक्कम, सगळं दिसतं. कुणालाही, अगदी घरबसल्या मोबाइलवर. मी त्याच्या खुर्चीमागं उभी राहून वाचत होते आणि लक्षात आलं, अरे, आपल्याला रस्ता नकोच आहे आधी. आपल्याला गटार हवंय. सांडपाण्याची सोय झाली तर चिखलच होणार नाही. आणि गटार बसतं बंधितात.

पुढच्या सभेला मी रस्ता हा शब्दच काढला नाही. "सांडपाणी व्यवस्थापन, बंदिस्त गटार आणि शेवटी शोषखड्डा, बंधित निधीतून" असा अर्ज दिला. गल्लीतल्या एकोणीस घरांच्या सह्या, त्या मात्र वाचून दाखवून घेतलेल्या. ग्रामसेवकांनी अर्ज दोनदा वाचला. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावाच्या तोंडातून ग्रामसेवक जायला वेळ लागेल.) म्हणाले, "ताई, हे बसवता येईल."

बसवलं. काम व्हायला पुढं दोन वर्षं गेली, ते वेगळं.

मागायचं कधी, हेही कळायला हवं. चिखल जुलैत होतो, त्यामुळं आपण १५ ऑगस्टच्या सभेत भांडतो. भांडायला हरकत नाही, पण त्या वर्षाचे पैसे तोवर वाटून झालेले असतात. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची हालचाल २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. शिवारफेरी, गटचर्चा, महिलासभा या काळात. जानेवारीत पंचायतीचं अंदाजपत्रक तयार होऊन पंचायत समितीकडे जातं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं : ऑगस्टमधला राग ऑक्टोबरपर्यंत जपून ठेवा, आणि तेव्हा अर्ज होऊन येऊ द्या. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत तर पंचायतीला मागल्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल, चालू वर्षाच्या कामांचा कार्यक्रम आणि लेखापरीक्षणाची टिपणी गावापुढं ठेवावीच लागते. १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे ते. मागितलं की मिळतं. मागणारं कुणी नसलं की "सर्वांनुमते मंजूर" एवढंच लिहिलं जातं.

बायकांसाठी आणखी एक दार आहे आणि त्याचं मला फार वाटतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. मोठ्या सभेत पुढच्या रांगेत दीर, सासरे, चुलत सासरे बसलेले असताना नवी सून तोंड उघडत नाही. महिलासभेत उघडते. अंगणवाडीच्या संडासाला पाणी नाही, ही गोष्ट आमच्या गावात मोठ्या सभेत एकदाही आली नव्हती, कारण पोरांना तिथं सोडायला जातात त्या आया. महिलासभेत ती पहिल्या दहा मिनिटांत आली.

आता पट्टीविषयी, कारण लोक मला ग्रामसभेवरून जितकं विचारतात तितकंच त्यावरूनही विचारतात. "घरपट्टी थकलीय, मग बोलायला कसं जाणार?" जा. मतदारयादीत नाव आहे म्हणजे तुम्ही ग्रामसभेचे सभासद आहात; थकबाकीमुळं ते बोलणं कुणी हिरावून घेऊ शकत नाही. पण पट्टी भरा, आणि भरण्याआधी नमुना ८चा, म्हणजे घराच्या आकारणीचा, उतारा घेऊन वाचा. २०१५च्या शेवटी नियम बदलले, तेव्हापासून आकारणी घराच्या भांडवली मूल्यावर होते. भिंत कशाची, छत कशाचं, घर किती जुनं, राहायचं की दुकानाचं, सगळं त्यात धरतात. आमच्या उताऱ्यावर सगळं घर स्लॅबचं दाखवलेलं. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या आहेत, मागचं स्वयंपाकघर मात्र मातीच्या भिंती आणि पत्र्याचं आहे, त्याला लागून गोठा. यादीवर हरकती मागवल्या होत्या, मी लेखी हरकत दिली, फोटो जोडले. येऊन मोजून गेले आणि दुरुस्ती झाली. आकडा फार खाली आला नाही, पण जे नाही ते माझ्या नावावर लिहिलेलं राहिलं नाही.

आणि हे सांगितल्याशिवाय माझं उत्तर खरं होणार नाही : एका सभेत मी पाणीपट्टी वाढवायला हात वर केला. विषयपत्रिकेवर वाढीचा ठराव होता. सभा नुसती पेटली. "पाणी दिवसाआड येतंय आणि पट्टी वाढवताय?" बोलणाऱ्यांचं चुकीचं नव्हतं. मी आधी हिशेब मागितला. पाणीपट्टीची वर्षाची वसुली किती आणि पंपाचं वीजबिल किती? वाचून दाखवलं तेव्हा कळलं की वसुलीतून बिल निम्मंही भागत नाही. उरलेलं घरपट्टीतून जातं. म्हणजे दिव्यांगांच्या पाच टक्क्यांचे, अंगणवाडीच्या दुरुस्तीचे पैसे पंप ओढून घेत होता. नळयोजना सरकार बांधून देतं, पण ती चालवायची गावानंच. मी म्हटलं, वाढवा, पण दोन अटी लिहून घ्या : वसुली आणि बिल दर तीन महिन्यांनी फलकावर लावायचं, आणि मोठे थकबाकीदार आधी. दोन्ही अटी ठरावात आल्या आणि ठराव मंजूर झाला.

त्यानंतर महिनाभर गल्लीतल्या दोघीतिघींनी माझ्याकडं शिवायला टाकलं नाही. एकीनं तर नळावर तोंड फिरवलं. वाईट वाटलं, रात्री झोप लागली नाही. पण फलक लागतोय. गेल्या तिमाहीचा आकडा मी वहीत उतरवून घेतला, तोंड फिरवणारीही तिथंच उभी राहून वाचत होती. म्हणाली, "वरच्या आळीचं अजून एवढं थकलंय होय?" पुढच्या वेळी तिनं सभेत विचारावं म्हणून मी तिला ठराव क्रमांक लिहून दिला.

हिवरे बाजारात दर वर्षी पावसाचं पाणी मोजून ग्रामसभेत ताळेबंद मांडतात आणि कुठली पिकं घ्यायची ते त्यावरून ठरवतात. लोक ते बघायला गाड्या करून जातात. आमच्याही गावातून एसटीनं जाऊन आले, खूप कौतुक करत परतले. त्यांना मी विचारलं, तुम्ही आपल्या ग्रामसभेला शेवटचं कधी आला होता? ही माणसं माझीच आहेत, टोचून बोलायचं नव्हतं. खरंच जाणून घ्यायचं होतं. एकानं प्रामाणिकपणे सांगितलं, "वहिनी, मी कधीच आलो नाही. रजिस्टर घरी येतं."

रजिस्टर आताही घरोघर फिरतं, पण आमच्या गल्लीत ते येत नाही. शिपाई तोच आहे, केस पांढरे झालेत. परवा नोटीस घेऊन आला तेव्हा ओट्यावर बसून त्यानं सगळे विषय मोठ्यानं वाचून दाखवले, मी चहा ठेवला. सहावा विषय आमच्या गटाराचा आहे. काम झालं, पण शोषखड्ड्याच्या अलीकडं तीसेक फूट तसंच सोडलंय, तिथं पाणी पुन्हा तुंबायला लागलंय. मागल्या ठरावाची नक्कल मी काढून ठेवली आहे.

रविवारी सकाळी दहा वाजता, शाळेच्या पटांगणात. नणंदेला फोन केला होता. तिचं नाव अजून इथल्याच यादीत आहे.