ठोकळेराव

डेट्रॉइटच्या एका विद्यापीठात कामगार चळवळीचा मोठा दस्तसंग्रह आहे. तिथे मी जुने कागद दुरुस्त करते. त्या सकाळी टेबलावर आलं ‘इंडस्ट्रियल वर्कर’चं एक पान. हे ‘आयडब्ल्यूडब्ल्यू’ (इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड) या कामगार संघटनेचं, तेव्हा अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातून निघणारं पत्र. स्वस्त लगद्याचा कागद शंभर वर्षांत भाजलेल्या पापडासारखा होतो, हात लावला की तुकडा पडतो. मागून जपानी कागदाची पातळ पट्टी लावायची, गव्हाच्या खळीने.

पानावर अर्नेस्ट रीबेची चित्रमालिका होती, ‘मिस्टर ब्लॉक’. नोव्हेंबर १९१२ मध्ये ती सुरू झाली. नायक कामगार, पण डोक्याच्या जागी लाकडाचा ठोकळा. मालकावर विश्वास, पोलिसावर विश्वास. शेवटच्या चौकटीत मार किंवा फसवणूक, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तितकाच भोळा. या पत्राच्या वाचकांत कितीतरी देशांतून आलेले मजूर होते. इंग्रजी अडलं तरी ठोकळा कळायचा. मालकाला राक्षस काढणं सोपं होतं. रीबेने हसं केलं ते कामगाराचंच, आणि मला त्यात फार मोठं धाडस दिसतं.

पान उजेडासमोर धरलं तेव्हा दिसलं, चित्रांवर चार घड्या होत्या आणि घडीच्या कडेला तेलकट बोटं. कुणीतरी ते खिशात घेऊन हिंडलं होतं.

राहवेना. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ होती. बाबांची उमर गिरणीत, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग खात्यात गेली. वाडगा बघताच म्हणाले, “खळ आहे ना ती? घट्ट झालीय, जरा पातळ कर.” मग मी चित्र दाखवलं. याच संघटनेचा गीतकार जो हिल याने १९१३ मध्ये ठोकळेरावांवर रचलेलं गाणंही सांगितलं: नोकरी, प्रवासभाडं आणि फी मिळून दलाल सात डॉलर घेतात, त्याला वाळवंटात नेऊन टाकतात आणि तिथे नोकरीच नसते. हेच गाणं ऑगस्ट १९१३ मध्ये कॅलिफोर्नियात व्हीटलंडला हॉप्स (बिअरमध्ये घालायची फुलं) तोडणारे मजूर सभेत गात होते, तेवढ्यात शेरिफची माणसं आली. गोळीबारात चार जण गेले.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुझ्या आजोबांनी नोकरीसाठी भरतीच्या मुकादमाला, जॉबरला, दस्तुरी मोजली होती. दोन महिन्यांचा पगार. आणि मरेपर्यंत त्याला देवमाणूस म्हणायचे.”

मी चित्राकडे बघितलं. आता हसू येईना. आजोबा ठोकळा नव्हते. गावी पाच तोंडं होती आणि गिरणीच्या दारात जॉबर उभा होता. रीबेचं चित्र दलालाची लूट लख्ख दाखवतं, पण पैसे मोजणाऱ्याच्या घरात डोकावत नाही. प्रचाराला एवढी सवड नसते, हे मला कळतं. तरी लागलंच.

“ज्याने हे खिशात ठेवलं,” बाबा म्हणाले, “त्यानेही पैसे भरले असणार बघ.”

खळीत थोडं पाणी घातलं. फाटलेल्या कडा जोडल्या. वजनाखाली ठेवून घड्या पार सपाट करता आल्या असत्या. वरिष्ठांना विचारून त्या तशाच ठेवल्या आणि नोंदवहीत लिहिलं: चार घड्या, वापराच्या, जपाव्यात.