१९९४ची पोर्ट: उघडावी की ठेवावी?

गोव्याहून येताना मंडळी जी ‘पोर्ट वाईन’ आणतात, ती आधी डोक्यातून काढून टाका. मी राहतो त्या पोर्तुगालमधल्या पोर्तोत, नदीपलीकडच्या गाया शहराच्या तळघरांमध्ये जी पोर्ट मुरते, तिचं त्या गोडमिट्ट बाटलीशी नातं नावापुरतंच. इथल्या पोर्टची द्राक्षं दोरू नदीच्या वरच्या खोऱ्यातलीच लागतात आणि त्या मुलखाची हद्द १७५६ मध्येच आखून झाली आहे. रस आंबत असतानाच त्यात ७७ टक्के अल्कोहोल असलेलं द्राक्षाचं मद्य ओततात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते.

व्हिंटेज पोर्ट म्हणजे त्यातली मानाची. कंपन्या दहा वर्षांत साधारण तीनदाच एखादं साल ‘जाहीर’ करतात, म्हणजे त्या सालची वाईन व्हिंटेजच्या लायकीची ठरवतात. ही पिंपात राहते जेमतेम दोन वर्षं आणि मग बाटलीत कित्येक दशकं. दुकानात मात्र नीट वाचा. ‘कोल्हेइता’वरही साल छापलेलं असतं, पण ती किमान ७ वर्षं पिंपात मुरून प्यायला तयार होऊनच बाहेर येते. ती जपून ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

१९९४ हे गाजलेलं साल. फोन्सेका कंपनीच्या १९९४ला ‘वाईन स्पेक्टेटर’ या मासिकानं १९९७ची सर्वोत्तम वाईन ठरवलं होतं. मी चाखली तेव्हा रंग मधोमध अजून गडद लाल आणि पेल्याच्या कडेला विटकरी होता. वासात सुकं अंजीर, काळी मिरी. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आकसते तसा तुरटपणा शेवटी हलकासा उरला होता. माझ्या मते तोच खरा निकाल. तुरटपणा आहे, फळही आहे, म्हणजे आज उघडली तरी आनंदच आणि आणखी वीस वर्षं ठेवली तरी चिंता नाही. फळ विरून नुसती साखर आणि मद्याचा जाळ उरला, तर ती बाटली थांबवण्यात हशील नाही.

विकत घेताना मात्र चाखता येत नाही. मग बाटली उजेडात धरायची. द्रव मानेपर्यंत असावा. खांद्याखाली उतरला असेल तर बुचातून हवा आत गेली असं समजा. झाकणाशी चिकट ओघळ दिसला तर मी सरळ पुढच्या दुकानात जातो. जुन्या बाटलीवर कधी पांढऱ्या रंगाचा फटकारा असतो. आडवी ठेवताना तो वर ठेवायचा, म्हणजे गाळ कायम एकाच बाजूला बसतो. त्याहून जुन्या मालात वेगळीच गंमत. १९६३ची पुष्कळ पोर्ट पिंपांतून इंग्लंडला गेली आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी बाटल्यांत भरली. त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच सालाच्या दोन बाटल्या वेगळ्या निघतात. बुचं इतकी ठिसूळ झालेली असतात की काही ठिकाणी तापवून लाल केलेल्या चिमट्यानं बाटलीची मानच उडवतात! बघायला मजा येते, घरी करू नका.

संग्रहच करायचा असेल तर माझं मत २०११ला. चांगलं साल आहे, अजून तरुण आहे. मूळ लाकडी खोक्यातली घ्या आणि इतकी वर्षं ती कुठे, किती थंडाव्यात होती हे विचारा. उत्तर गुळमुळीत मिळालं तर किंमत कितीही मोहात पाडो, सोडून द्या. १९७७ जपणाऱ्यांनी आता पाहुणे बोलवावेत.

“येताना एक घेऊन ये” असं सांगणाऱ्यांसाठी: भारतात माणशी दोन लिटर मद्य कस्टम्स ड्यूटीशिवाय आणता येतं. पण मी व्हिंटेज आणणार नाही. प्रवासात गाळ ढवळतो, बाटली दिवसभर उभी ठेवून मग अलगद गाळावी लागते, आणि एकदा उघडली की दोन-तीन दिवसांत संपवायची. त्यापेक्षा वीस वर्षांची टॉनी, म्हणजे पिंपातच मुरलेली पोर्ट बरी. गाळाची कटकट नाही, फ्रिजमध्ये काही आठवडे सहज टिकते. शिवाय आमच्या घरी पिणारे मी आणि काका, दोघंच.