अनारसा हसला

भाऊबीजेला आमच्याकडे 22 पानं असतात. म्हणून माझी दिवाळी वसुबारसेच्या दहा दिवस आधी सुरू होते, तांदूळ भिजवण्यापासून. 1 किलो जुना तांदूळ, तीन दिवस पाण्यात, पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी पंचावर सावलीत पसरायचा आणि हाताला दमट लागतोय तोवरच दळायचा. चाळून, किसलेला गूळ मिसळून गोळे डब्यात मुरत ठेवायचे.

गेल्या वर्षी गूळ अंदाजाने घातला. पहिला अनारसा तुपात सोडला आणि हसला की! कढईभर विरघळून पसरला. सासूबाई म्हणाल्या, "त्याला हसू, तुला रडू." मग कोरडी पिठी मळून कसंबसं निभावलं. यंदा गूळ पाऊण किलो, काट्यावर मोजून. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही, झाऱ्याने तूप उडवत राहायचं. एवढं मला जमतं.

चकलीची भाजणी दळून आणलीय, शंकरपाळे झालेत. चिवडा मात्र आदल्या रात्रीच करणार. आधी केला तर आमचे अहो "मीठ बघतो" म्हणत डबा रिकामा करतात.