झोपेत ५ मिलिअँपिअर

दोन आठवडे झाले, एकच डोक्यात चाललंय, बाहेरच्या तापमान-आर्द्रता सेन्सरला कुठलं वायरलेस मॉड्यूल लावायचं. दर १५ मिनिटांनी जेमतेम १० बाइट पाठवायचेत, बास, पण तीन पेन्सिल सेलवर वर्षभर तरी चाललं पाहिजे.

ईएसपी३२ (वायफाय अंगातच असलेला मायक्रोकंट्रोलर) बोर्ड हाताशी होता म्हणून पहिल्यांदा वायफायच धरलं. डेटाशीटमध्ये डीप स्लीप, म्हणजे चिपची गाढ झोप, १० मायक्रोअँपिअर, मी तेवढाच आकडा घेऊन खूश होतो. पण उठलं की राउटरला जोडायचं, आयपी घ्यायचा, मग कुठे डेटा जाणार, यात माझ्याकडे ४ सेकंद जातात आणि तेवढा वेळ सरासरी १०० मिलिअँपिअर ओढतं. ९०० सेकंदांवर वाटलं तर सतत ०.४४ मिलिअँपिअर, म्हणजे २००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचे सेल सहा महिन्यांत संपले.

आणि हे सुद्धा कागदावरच. आज बोर्ड झोपवून मल्टीमीटर लावला तर ५ मिलिअँपिअरच्या वर! चिप झोपलेली, पण बोर्डवरचा व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर आणि तो लाल एलईडी जागेच. या हिशोबाने रेडिओने एक बाइट न पाठवता सेल १६-१७ दिवसांत खलास. एवढे दिवस मी रेडिओंची तुलना करत बसलो आणि करंट भलतीकडेच जात होता, फार वाईट वाटलं खरंच.

मग सगळं परत पहिल्यापासून मांडलं. एनआरएफ२४ हे छोटं रेडिओ मॉड्यूल पॉवर डाउनमध्ये, म्हणजे झोपेत, १ मायक्रोअँपिअरच्या आत, मला मनापासून आवडतं ते, पण २.४ गिगाहर्ट्झ आणि मध्ये तीन काँक्रीटच्या भिंती, निम्मी पॅकेट पोचतच नाहीत. ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झच, त्याचंही तेच होणार म्हणून सोडलं.

राहिलं लोरा, कमी करंटमध्ये लांब पोचणारा रेडिओ, चिप एसएक्स१२७६. झोपेत ०.२ मायक्रोअँपिअर, १३ डीबीएम ताकदीवर पाठवताना २९ मिलिअँपिअर. इथे सगळा खेळ स्प्रेडिंग फॅक्टरचा आहे, हा आकडा जितका मोठा तितकं लांब पोचतं, पण पाठवायला वेळही जास्त लागतो. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थला माझे १० बाइट ७ वर ४१ मिलिसेकंदात जातात, १२ वर जवळजवळ पूर्ण सेकंद लागतो, म्हणजे तेच पॅकेट २४ पट महाग. लोक लांब पोचावं म्हणून थेट १२ लावून टाकतात, मला ते पटत नाही, आधी खालून सुरू करून बघावं ना. ७ वर पाठवण्याची सरासरी निघते १.३ मायक्रोअँपिअर, एमसीपी१७०० रेग्युलेटर स्वतःला १.६ खातो, रेडिओपेक्षा जास्त!

तर ठरलं, लोरा, आणि तयार बोर्ड न घेता सुटा मायक्रोकंट्रोलर. समोर रिसीव्हर सतत ऐकत बसणार पण तो भिंतीच्या प्लगवर आहे, चालेल.

आत्ता ७ वर दर मिनिटाला एक पॅकेट सोडत ठेवलंय. स्क्रीनवर नंबर येतायत, १४२ नंतर एकदम १४४ आला. सकाळी किती गळाले ते मोजतो, मग ८ करायचं का बघू.