हातात काय आहे ते बघ

मिरजेतल्या एका दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलो असताना समोरच्या भिंतीवर युरोपातल्या चर्चमधील रंगीत काचेच्या खिडक्यांची दिनदर्शिका दिसली, आणि तिच्या उघड्या पानावरची स्त्री हातातल्या चिमट्यात चक्क एक दाढ धरून उभी होती. ही संत अपोलोनिया. इ. स. 249 मध्ये अलेक्झांड्रियात जमावाने मारून तिचे दात पाडले, आणि आज ती दंतवैद्यांची व दातदुखीने बेजार झालेल्यांची कैवारी मानली जाते. ही डॉक्टरांची विनोदबुद्धी की निव्वळ योगायोग, हे विचारायचे राहूनच गेले.

सांगलीच्या घरी देवघरात तसबिरींची दाटी होती आणि सगळ्या देवांचे चेहरे एकाच घराण्यातले वाटावेत इतके सारखे होते. आजी वाती वळता वळता परीक्षा घेई आणि मी अडखळलो की म्हणे, ‘‘तोंड काय बघतोस? हातात काय आहे ते बघ.’’ शंख, चक्र, गदा, पद्म यांपैकी काय कोणत्या हातात आहे, एवढ्यावरून विष्णूची चोवीस रूपे ओळखतात, हे पुढे कळले. चर्चच्या खिडक्यांचा कारभारही असाच चालतो. उंचावरच्या काचेत चेहरा म्हणजे तपकिरी रंगाने रेखून भट्टीत पक्क्या केलेल्या चार रेषा. खालून त्या कुणाला दिसणार? किल्ल्या दिसल्या की पीटर, सिंह दिसला की मार्क, बैल दिसला की लूक, एवढे मात्र दुरूनही कळते.

फरक आहे तो आयुधांत. आपला देव ज्या शस्त्राने असुराला मारतो ते हातात धरतो. तिथला हुतात्मा संत ज्याने स्वतः मारला गेला ते मिरवतो. पॉलच्या हाती तलवार, बार्थोलोम्यूच्या हाती सुरी आणि कधी कधी स्वतःचीच सोललेली कातडी, तर लॉरेन्सच्या हाती, ज्यावर त्याला भाजले असे परंपरा सांगते, ती लोखंडी जाळी. आणि तेवढ्यावरून तो आचाऱ्यांचा कैवारी झाला, याला काय म्हणावे! कॅथरीनला ज्यावर मारायचे ते चाक तर कथेत मोडूनच पडते आणि शेवटी तिचा शिरच्छेद होतो, तरीही तिच्याजवळ चाक असतेच. चेहऱ्यावर मात्र यांपैकी कुणाच्याही तक्रारीचा मागमूस नसतो.

आपल्या संतांच्या हाती वीणा असते, चिपळ्या असतात. जनाबाईपुढे जाते आणि गोरोबांच्या पायाखाली चिखल, म्हणजे ज्याचे त्याचे रोजचे काम. मंगळवेढ्याचे गावकूस अंगावर कोसळून चोखोबा गेले, पण त्यांच्या तसबिरीत त्या भिंतीचा एक दगडही कुणी काढलेला मी पाहिलेला नाही.