पंचवीस की शेहेचाळीस?

गणपतीच्या सुट्टीत मॉडेल विमानाचा सांगाडा पुरा झाला. बाल्सा लाकूड, ४२ इंची पंख. राहिलं इंजिन. भाचा म्हणाला, "मामा, शेहेचाळीस घाल, जोर हवा!" म्हणजे ०.४६ घनइंचाचं.

जोर कशाला? कंट्रोल-लाइन विमान दोन तारांना बांधलेलं, माझ्याभोवतीच गरगरणार. मोठं इंजिन म्हणजे नाक जड, मग शेपटीत शिसं भरत बसा. गेल्या वर्षी तेच केलं होतं. चिखलात नाक रुतलेलं विमान उपसताना शेजारची पोरं पोट धरून हसत होती.

या खेपेला पंचवीस, म्हणजे ०.२५ घनइंच, जेमतेम ४ सीसी. जुनं, आरसीचं म्हणजे रेडिओ-कंट्रोल विमानाचं होतं. इथं थ्रॉटलला काम नाही, म्हणून कार्ब्युरेटर काढून साधी व्हेंचुरी, म्हणजे हवा आत घेणारी नळी, आणि इंधन कमीजास्त करणारी सुई बसवली. सुई अशी लावायची की सरळ उडताना इंजिनानं फोर-स्ट्रोकमध्ये, म्हणजे एक फेरा सोडून पेट घेत, गुरगुरावं आणि नाक वर केलं की टू-स्ट्रोकमध्ये, दर फेऱ्याला पेट घेत, किंचाळावं. ती जागा सापडायला माझ्या दोन सकाळी गेल्या.

इंधनात मिथेनॉल, ते हवेतली ओल ओढून घेतं. गोव्याच्या पावसात बाटलीचं झाकण सैल राहिलं की इंजिन रुसलंच. शिवाय एरंडेल. बायको म्हणते, घरात जुलाबाच्या औषधाचा वास येतो.

काल सकाळी सातला, खारा वारा सुटायच्या आत, फोंड्याजवळच्या सड्यावर गेलो. गवत अजून ओलं होतं. एक फेरी साधारण पाच सेकंदांत. भाचा मोजत होता, बाविसाव्या फेरीला टाकी संपली.